कापलेल्या माणसांची कालीपा

डोंगरातल्या नारिन गावच्या फोटो स्टुडिओत कालीपानं सव्वीस वर्षं फोटो दुरुस्त केले. दुरुस्त म्हणजे काय, तर मेंढपाळाच्या अंगात कोट चढवायचा, विधवेशेजारी मेलेला नवरा आणून बसवायचा, तोही दहा वर्षांनी तरुण करून! एकीनं तर तक्रार केली होती, "अगं, इतका देखणा केलास, आता ह्याच्यासाठी रडू येईना, नुसती लाज वाटते!"

कम्युनिस्ट राजवट गेली, देश स्वतंत्र झाला, स्टुडिओला कुलूप लागलं. मग कालीपा रविवारच्या बाजारात जुने फोटो धुंडाळू लागली. तिला एकाच जातीचे हवे असायचे: कुणीतरी माणूस कापून काढलेले. एकोणीसशे सदतीस सालच्या धरपकडीत सरकारनं ज्याला शत्रू ठरवून नेलं, त्याचा चेहरा घरचेच फोटोतून काढून टाकत. तो घरात सापडणं म्हणजे सगळ्यांवर संकट. त्या भोकात कालीपा लाल नमदा, गालिच्यासाठी लोकर कुटून करतात तो, बसवायची, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापून, बारीक टाक्यांनी. खाली चिठ्ठीवर लिहायची, ‘नाव माहीत नाही’.

शेजारीण तुर्दुबू म्हणायची, "फाटक्याला ठिगळ लावतेस आणि तिकडे राजधानीत बिश्केकचे लोक टाळ्या वाजवतात! मलाही ने की गं, माझ्या घरी फाटक्याला तोटा नाही."

तिचे फोटो प्रदर्शनांतून पार बर्लिनपर्यंत जाऊन आले. नारिनमध्ये मात्र तिनं ते कधी लावले नव्हते. तिकडे ही मेलेली माणसं परकी, इथं घराघरांतली. कुणी उठून म्हणालं, "आमच्या माणसाला सुई लावायला तुला सांगितलं कुणी?" तर काय तोंड दाखवायचं? एकसष्टाव्या वर्षी एकदाचा धीर केला आणि गावातल्या सभागृहात भिंती भरल्या.

तिसऱ्या दिवशी मामितबेक म्हातारा आला. गुराखी-घोडेवाल्यांच्या फोटोपुढे जो थांबला, तो हलेना.

"पोरी, हा पांढऱ्या कपाळाचा घोडा आमचा."

कालीपा लगबगीनं पुढे आली. "बाबा, भोक मी पाडलं नाही. बाजारातून आणला तेव्हाच..."

"ठाऊक आहे. मीच पाडलं. सात वर्षांचा होतो. आईला कापवेना, म्हणून कात्री माझ्या हातात दिली. वडील कापले मी."

कालीपानं पिशवीतली कात्री काढून त्याच्यापुढे धरली. "तुमचे वडील आहेत. नमदा नको असेल तर टाके उसवा. मी काही म्हणणार नाही."

म्हाताऱ्यानं कात्री घेतली. नमद्याच्या कडेवरून बोट फिरवलं, टाका न् टाका चाचपला. मग कात्री तिला परत दिली.

"किती जपून शिवलंस गं."

आपल्या नारिनकडे पोराला बोलता यायला लागलं की बापाकडच्या सात पिढ्यांची नावं पाठ करवतात. मामितबेकला आईनं, वडलांचं नाव धोक्याचं म्हणून, मामाकडची सात पढवली होती. शाळेत तीच, लग्नात तीच, नातवांना शिकवली तीही तीच. आज चौसष्ट वर्षांनी त्यानं टोपी सरळ केली, फोटोकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मी मामितबेक. माझे वडील किदिराली. त्यांचे तोलोगोन. त्यांचे बोरोनबाय..."

पुढं अडला.

दाराजवळच्या बाकावरून एक म्हातारा काठी टेकत उठला. "बोरोनबायचे जानक. आपण एकाच कुळातले, लेका! म्हण, पहिल्यापासून म्हण."

मामितबेकनं पहिल्यापासून म्हटलं. कालीपा खालच्या चिठ्ठीवरचे तीन शब्द खोडून त्या जागी लिहीत होती, ‘किदिराली’.