ओढणीखालचा हात

भद्रकालीच्या देवळामागच्या गल्लीत आपा बांगड्या भरते. तिच्या डाव्या हाताला जन्मापासून दोनच बोटं. त्या दोन बोटांत ती समोरच्या बाईचा तळवा असा चेपते, की काच कधी तडकत नाही. "हात ढिला सोड, बेटा," हे तिचं पालुपद. मात्र गरोदर बाई आली, की तिची नजर पडून बाळ तसंच होऊ नये म्हणून तो हात ओढणीखाली जातो आणि बांगड्या आपाची जाऊ भरते.

पाचव्या महिन्यात मी हिरव्या बांगड्या भरायला गेले, तेव्हाही तिनं हात झाकला. आदल्या दिवशीच सोनोग्राफीत बाळाच्या एका हाताला दोनच बोटं दिसली होती. घरात 'ठेवायचं का?' अशी कुजबुज सुरू होती.

"आपा, तुम्हीच भरा," मी म्हणाले. "माझ्या बाळाचा हात तुमच्यासारखाच आहे."

तिनं हात ओढणीतून बाहेर काढला. माझा तळवा त्या दोन बोटांत धरला.

"बाळाला मनगट आहे ना?"

"आहे."

"मग बांगडी बसेल की."

पहिलीच बांगडी फुटली. अपशकुन, माझ्या मनात आलं. तिनं काच झटकली आणि त्याच हातानं दुसरी उचलली.