तिसऱ्या भागासाठी राखलेले डोळे

नवं पुस्तक हातात आलं की ताई आधी शेवटचं पान उघडायची. गोष्टीचा शेवट बघायला नव्हे. तसं करणाऱ्या माणसांशी ती बोलायचीसुद्धा नाही. तिला हवं असायचं त्याच्याही मागचं पान, जिथे प्रकाशक बारीक अक्षरात 'आगामी' म्हणून चार-पाच नावं छापून मोकळा होतो. अजून न आलेल्या कादंबऱ्यांची ती नावं वाचताना तिचा चेहरा असा खुलायचा, की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या घरी पाहुणे यायचे आहेत.

ताई शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करायचा, कॉलर, कफ, काजं बघायची, लोंबणारे धागे कापायचे आणि पुढे सरकवायचा. डबा खायच्या सुट्टीत मात्र तिचा रुबाब निराळा. वाचलेली कादंबरी ती बायकांना अशी रंगवून सांगायची की त्यांचा घास हातातच राहायचा. सगळा मजला तिला कादंबरीबाई म्हणायचा, आणि एरवी कोणाचं ऐकून न घेणारा सुपरवायझरही खांबाआड उभा राहून कान द्यायचा. वर म्हणायचा, "मी पंखा बघतोय."

घरी दोन खोल्यांत ती आणि तिचा भाऊ. त्याचे केस पांढरे झाले तरी तो धाकटाच राहिला. वायरमन होता. ताईचं लग्न झालं नाही, धाकट्याचं झालं ते टिकलं नाही, आणि या दोन्ही गोष्टींवर बोलायचं नाही असं दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. धाकट्याचा पुस्तकांशी संबंध फळी ठोकून देण्यापुरता. "आपण दोघं या पुस्तकांकडे भाड्याने राहतो," असं तो येईल त्याला सांगायचा. ताई गोष्ट सांगायला लागली की त्याला हटकून कुठलीतरी वायर आठवायची.

आता एका कादंबरीचं सांगतो. खानावळ चालवणाऱ्या तीन बहिणींची गोष्ट होती ती, तीन भागांतली. दुसऱ्या भागाच्या शेवटी मधली बहीण भल्या पहाटे अंगणात आलेल्या एका अनोळखी ट्रकमध्ये चढते आणि कोणाला काही न सांगता निघून जाते. संपला भाग. खाली छापलेलं, 'तिसरा भाग लवकरच'. प्रकाशकांच्या या 'लवकरच'ला ना लाज ना शरम. वर्षं गेली. ताईने त्या मधल्या बहिणीचं काय काय झालं असेल याचे इतके तर्क केले, की सख्ख्या बहिणीचाही कोणी एवढा घोर लावून घेत नाही. आणि एके दिवशी पुस्तकांच्या दुकानदाराने तिला लांबूनच हात करून बोलावलं. "ताई, तुमचा तिसरा भाग येतोय. पुढच्या उन्हाळ्यात. यंदा नुसती चंगळ आहे तुमची." खरंच होती. एका नावाड्यावरची कादंबरी यायची होती, दोन भांडखोर डॉक्टरांवरची यायची होती, एका नव्या मुलीची पहिलीच कादंबरी यायची होती. ताई त्या दिवशी घरी गुणगुणत आली.

डोळ्यांचं सुरू झालं ते त्यानंतर. काज तपासायला शर्ट जवळ घ्यावा, तर ज्या काजाकडे बघावं तेच पुसट व्हायचं. बाजूच्या बटणाकडे बघितलं की काज दिसायचं आणि बटण गडप. आधी तिने चष्म्याला शिव्या घातल्या. मग धाकटा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घालून, दिवे मारून बघितलं आणि सांगितलं, पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. कडेचं दिसत राहील, पण हळूहळू वाचणं बंद होईल. यावर औषध नाही.

"किती दिवसांत?" धाकट्याने विचारलं.

"वर्ष, दीड वर्ष. नक्की सांगता येत नाही."

ताईने एकच विचारलं. "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतील ना?"

"टिकतील की. जपा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आता ताईचा जन्म कापडात गेलेला. शर्ट कुठे विरतो? कॉलरला मान घासते तिथे, कोपर टेकतं तिथे. जो भाग वापरात असतो तोच आधी जातो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. डोळ्यांचा मधला भाग चाललाय म्हणजे तो वाचून वाचून विरलाय, असं तिने रस्त्यातच ठरवून टाकलं. मग उरलेला जपून वापरायचा, की झालं. तिने धाकट्याला बसस्टॉपवरच सांगितलं, "आजपासून वाचन बंद. जेवढे डोळे उरलेत तेवढे तिसऱ्या भागासाठी. मी हात लावला तरी मला ओरडायचं." धाकट्याला पटलं. मला विचाराल तर, कोणालाही पटलं असतं.

कारखाना सोडणं शक्य नव्हतं. तिने तपासणी सोडून पॅकिंग मागून घेतलं. शर्टाच्या घड्या हातांनाच पाठ असतात. घरी आल्यावर ती डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडून राहायची. वर्तमानपत्र बंद, पाकिटावरची अक्षरं बंद. नावाड्याची कादंबरी आली, तिने ती घेतली आणि धाकट्याला कपाटावर ठेवायला लावली. भांडखोर डॉक्टरांची आली, नव्या मुलीची आली, त्याही वर. "आधी तिसरा भाग. मग उरलं तर यांचं बघू." डबा खाताना बायका म्हणायच्या, "कादंबरीबाई, नवीन काय?" ही म्हणायची, "डोळ्यांना रजा दिलीय." पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं, आणि सुपरवायझरही पंखा बघायला यायचा थांबला.

धाकट्याने सुचवून बघितलं, की मी वाचून दाखवतो. ताई म्हणाली, "दुसऱ्याने चावलेला घास मी खात नाही. आणि तू वाचणार म्हणजे स्वल्पविरामालासुद्धा शॉक बसेल."

उन्हाळा आला. तिसरा भाग नाही आला. दुकानदार म्हणाला, छपाई लांबलीय, दोन-तीन महिने. मग म्हणाला, लेखिकाबाई शेवट बदलतायत. ताईने आणखी आवरतं घेतलं. संध्याकाळी दिवाही लावू द्यायची नाही. धाकटा दिवसभर लोकांच्या घरी दिवे लावायचा आणि स्वतःच्या घरी अंधारात जेवायचा.

एका रविवारी मात्र तिचा धीर सुटला. धाकटा भाजी आणायला गेला होता. तिने स्टूल ओढलं, कपाटावरची नावाड्याची कादंबरी काढली आणि खिडकीशी उभी राहून पहिलं पान उघडलं. मधे थोडं पुसट होतं, पण मान जरा कलती केली की अक्षरं दिसत होती. सगळी दिसत होती. एक नावाडी नदीच्या काठी होडी उलटी करून तिला डांबर लावत बसला होता. एवढं वाचेपर्यंत दार वाजलं.

"ताई, काय हे?" धाकट्याने पिशवी तिथेच टाकली आणि तिच्या हातून पुस्तक काढून घेतलं. "एवढे महिने काढलेस आणि आता घालवतेस?" त्याचा आवाज चढला होता. त्या आवाजातली भीती तिला कळली. तिने पुस्तक सोडलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी खाटेवर जाऊन बसली. त्या दिवसानंतर धाकट्याने स्टूल शेजाऱ्यांकडे ठेवून दिलं.

तिसरा भाग थंडीत आला. दुकानदार स्वतः घरी घेऊन आला, बिचाऱ्याला वाटलं बाई नाचेल. ताईने हात धुतले, पुसले, खिडकीशी बसली, पुस्तक उघडलं. पान पांढरं होतं आणि मधोमध राखेच्या बोटाने पुसल्यासारखा डाग. तिने मान कलती केली. डागही कलला. तिने पान जवळ घेतलं, लांब धरलं, उन्हात धरलं. कडेला मुंग्यांसारखं काहीतरी होतं, त्याच्याकडे बघायला जावं तर डाग आधीच तिथे जाऊन बसायचा. दुकानदार कधी उठून गेला ते तिला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा त्याच डॉक्टरांकडे. ताईचा आग्रह असा, की कितीही जाड चालेल, पण एका पुस्तकापुरता चष्मा द्या. डॉक्टरांनी तपासलं, भिंगं धरून बघितली, मान हलवली.

"असं कसं?" ताई म्हणाली. "मी डोळे राखून ठेवले होते. वर्षभर एक ओळ वाचलेली नाही."

"का?"

"वापरले असते तर गेले असते ना."

डॉक्टरांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, वाचल्याने हे वाढत नाही. न वाचल्याने थांबत नाही. गेलं वर्षच तुमचं वाचायचं होतं. मी सांगायला हवं होतं."

ताईच्या डोळ्यांपुढे कपाटावरची थप्पी उभी राहिली, आणि मधल्या बहिणीचं काय झालं ही गोष्टही तिला क्षणभर क्षुल्लक वाटली. एक अख्खं वर्ष. खिडकीतलं ऊन होतं, पुस्तकं होती, डोळे होते. तिन्ही घरात असताना ती तोंडावर ओला रुमाल घेऊन पडली होती.

मग तिला शेजारच्या खुर्चीची करकर ऐकू आली. धाकट्याला धड श्वास घेता येत नव्हता.

दोघं बाहेर येऊन बसस्टॉपच्या बाकावर बसले. धाकटा म्हणाला, "मी तुझ्या हातातून ओढून घेतलं, ताई."

ताईने एक क्षणही दवडला नाही. "वेडा आहेस का? मी वाचतच होते की. तू बाहेर पडलास की पुस्तक काढायचे. डॉक्टरांसमोर आपलं म्हटलं, उगाच बोलणी नकोत."

"स्टूल नव्हतं."

"खुर्ची होती."

"सगळी वाचलीस?"

"सगळी. तो नावाडी, ते भांडखोर डॉक्टर, ती नवी मुलगी. एकही सोडली नाही."

धाकटा तिच्याकडे वळला. मग, जन्मात पहिल्यांदा, त्याने विचारलं, "नावाड्याचं काय झालं?"

"तो होडीला डांबर लावत बसलेला असतो," ताई म्हणाली. इथवरचं खरं होतं. पुढचं ती बोलता बोलता रचत गेली. नदीवर पूल होणार असतो. पूल झाला की नावेत कोण बसणार? त्याची बायको म्हणते, होडी विकून टाकू. तो विकत नाही. पलीकडच्या काठावर एक म्हातारी असते, तिला पुलाची भीती वाटते, ती रोज त्याला हाक मारते. सांगताना मधेच ताईने भावाकडे बघितलं. त्याला पटतंय की नाही हे तिला तोंडावरून ओळखायचं होतं. पण तोंडाच्या जागी तो राखी डाग होता. तिने नजर थोडी बाजूला नेली, तेव्हा कडेला त्याचा खांदा दिसला. तो गदगदत होता.

"मग?" धाकटा कसंबसं म्हणाला. "पूल झाला?"

"झाला ना," ताई म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरून तिने पुढचं सांगायला घेतलं. त्यांची बस आली आणि निघून गेली, तरी दोघांपैकी कोणीच उठलं नाही.