आतली कडी

'शेजार' या संस्थेची पाटी मारेगावच्या रस्त्यावर आत्ता आत्ता लागली. पाटीवर नोंदणीचा क्रमांक आहे, देणगीदारांची नावं आहेत. नलूबाईंचं नाव नाही. त्यांना त्याचं सोयरसुतक नाही. संस्था सुरू झाली ती एका कुलपापासून, आणि कुलूप काय पाटीवर लिहायचं?

कुलूप त्यांच्याच दाराचं होतं. मुलगा संघदीप विशीत असताना त्याचं मन बिघडलं. न दिसणाऱ्या माणसांशी भांडायचा, उघड्या अंगानं शिवारात निघून जायचा. नवरा आधीच वारलेला, आणि मजुरी बुडवली तर चूल पेटत नव्हती. ज्यांच्या वावरात नलूबाई कापूस वेचायला जात, त्या सदाशिवरावांनी आपल्या कोठीचं कुलूप आणून दिलं. म्हणाले, "पोरगं विहिरीत पडलं म्हंजे काय करशीन, नलू?" माणूस वाईट नव्हता. गावाला जेवढं कळत होतं, तेवढंच त्यांनाही कळत होतं. नलूबाई सकाळी मुलापुढे भाकर ठेवून बाहेरून कडी घालत. संध्याकाळी परतल्या की आतून आवाज येई, "आई, कडी काढ." तो आवाज त्यांच्या छातीतून अजून गेलेला नाही.

एकदा त्यांनी शेजारच्या मानीबाईला विचारलं, "तुहे पाय दुखतेत, तू वेचाले येत नाहीस. माह्या दारात बसशीन का?"

मानीबाई तूर पाखडायचं सूप घेऊन उघड्या दारात बसली. पहिल्याच दिवशी संघदीप निघाला. मानीबाई लंगडत त्याच्यामागे गेली. तो बसला तिथं बसली, उठला तेव्हा उठली, आणि दुपारी दोघं घरी आली. झाली संस्था. मग दुसऱ्या घरचं कुलूप निघालं, मग पलीकडच्या गावातलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्यांचा वाटा कुणी नाकारू नये. वणीहून, आर्णीहून माणसं काम बघायला आली. 'शेजार'ची रीत मात्र तीच राहिली: ज्या दाराला कुलूप, तिथं माणूस बसवायचा. त्यानं शहाणपण शिकवायचं नाही, नुसतं बसायचं.

संघदीप गोळ्यांवर सावरला. आता चाळिशीकडे झुकलाय, सायकली दुरुस्त करतो. पण नलूबाईंनी त्याला कधी कुणाच्या दारात बसायला पाठवलं नाही. लोकांच्या पोरांवर त्यांचा भरवसा होता. आपल्या पोटच्यावर नव्हता. ही गोष्ट त्या कुणाजवळ बोलत नसत.

यंदा वेचणी ऐन भरात असताना सदाशिवरावांची पत्नी बेबीताई भल्या सकाळी त्यांच्या दारात आली. हातात कुलूप होतं.

"नलू, आमचे मालक झोपूनच नाई राह्यले वं. कोणी धरून न्याले येते म्हंते. काल विहिरीवर उभे होते. मले वावरात जा लागते. बाहेरून लावू का?"

मानीबाई केव्हाच वारली होती आणि बाकी सगळे शिवारात. "मी आज खाडा करतो," नलूबाई म्हणाल्या.

"तू कायले? मी बसतो ना," संघदीप आतून म्हणाला.

बेबीताईची नजर नलूबाईंवर होती. नलूबाईंनी मुलाकडे पाहिलं. सगळ्या तालुक्याला त्या सांगत आल्या होत्या, की बरा झालेला माणूस माणूसच असतो. ते आज आपल्याच दारी खरं करायचं होतं. "जाय," त्या म्हणाल्या.

दिवसभर त्यांचा हात कापसावर आणि जीव गावात. दोन माणसं, आणि कोणाचं डोकं कधी फिरेल याचा नेम नाही. काही झालं तर लोक म्हणतील, येड्याजवळ येडा बसवला. ऊन कलायच्या आधीच त्या बेबीताईला मागे टाकून निघाल्या.

सदाशिवरावांचं दार बंद होतं. बाहेर कुलूप नव्हतं. त्यांनी ढकललं, उघडेना. "संघा!" त्या ओरडल्या.

"हळू, आई," आतून आवाज आला. "बाबाजी झोपून राह्यले. त्यायले भेव वाटत होतं, म्हणून मी म्हटलं, तुमीच लावा आतून कडी. त्यायनं आपल्या हातानं लावली. दोनदा ओढून पाह्यली, अन् मंग निजले."

नलूबाई दाराला हात लावून उभ्या राहिल्या. तोच आवाज, तेच बंद दार. त्या काळी आत असलेल्या पोराला कडी हवी होती ती त्याच्या स्वतःच्या हाताशी, हे त्यांना आज कळलं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मागून बेबीताई धापा टाकत आली. "काय झालं? उघड म्हण ना त्याले!"

"नोको," नलूबाई म्हणाल्या. "मालक उठतीन तवा उघडतीन."

आणि त्या उंबऱ्याशी बसल्या. थोड्या वेळानं बेबीताईही त्यांच्याजवळ बसली.