गजूची बंद फाइल

माझा धाकटा भाऊ गजू रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीनमध्ये सापडून मेला. मशीनवरची सुरक्षेची जाळी कारखान्याने काढून ठेवली होती. पोलिसांनी घरी दोन ओळींचं पत्र पाठवलं. गजू नशेत होता, चूक त्याचीच, तपास संपला. कारखाना सुटला. गजू दारुडा ठरला. त्याने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता.

कोणाच्या सांगण्यावरून दारुडा? मला एवढंच बघायचं होतं. म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला.

तो अर्ज एका शिपायाने ठाण्यातल्या साहेबांच्या खोलीत मोठ्याने वाचला. गाऊन वाचला म्हटलं तरी चालेल. खोलीत खुर्च्या होत्या. एकीवर कारखान्याचा मॅनेजर चहा पीत बसला होता. मी उभा.

‘दस साल का माल चाहिए सेठ को,’ साहेब म्हणाले. ‘थोक में लोगे कि फुटकर?’

मॅनेजर हसला. शिपाई हसला.

चूक माझी होती. बडा फुहाऱ्याच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. तिथे एक हवं असेल तर दहा मागायचे, मग भांडत खाली यायचं. अर्जातही मी तेच केलं. रिछाईत दहा वर्षांत जेवढे कामगार मेले तेवढ्या सगळ्यांच्या फाइली मागितल्या. वाटलं, साहेब म्हणतील, एवढं नाही मिळणार, भावाची घेऊन जा. पण सरकारी टेबलावर घासाघीस चालत नाही. मागणी फार मोठी आहे, असं लिहून त्यांनी सगळंच नाकारलं.

‘भैया, कपड़ा बेचते हो न? कपड़ा नापो. कानून मत नापो.’

माझं डोकं गरम आहे. दुकानात कोणी माल फेकला तर मी त्याला रस्त्यावर काढतो. त्या दिवशी म्हणालो, ‘जी साहब.’ त्या ‘जी’ची लाज अजून गेलेली नाही.

मी सायकलवर गठ्ठा बांधून मदन महलच्या गल्ल्यांत परकर विकले, तिथून दुकानापर्यंत आलो. गजूला म्हटलं, दुकानात बस. तो म्हणाला, ‘तुझ्या हाताखाली नाही राहत मी, दादा. तू गिऱ्हाइकासमोर ओरडतो.’ आणि कारखान्यात गेला. माझ्या तोंडामुळे गेला. मरायच्या आठवडाभर आधी जेवताना सांगत होता, ‘जाळी काढून टाकली त्याईनं. जाळीनं माल हळू निघते म्हणे.’ मी ताटातून वर न बघता म्हणालो, ‘मग सांभाळून करत जा.’

एवढंच म्हणालो.

दुसरा अर्ज केला. फक्त गजूची फाइल मागितली. उत्तर आलं, फाइल दाखवली तर तपासात अडथळा येईल. ते पत्र मी दोनदा वाचलं. मग कपाटातून पोलिसांनी घरी पाठवलेलं पहिलं पत्र काढलं आणि वर अपील केलं.

अपील ऐकायला एक मॅडम होत्या. मी दोन्ही पत्रं त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली.

‘मैडम, इसमें लिखा है जांच खत्म. इसमें लिखा है जांच बिगड़ जाएगी. जो खत्म हो गई वो बिगड़ेगी कैसे?’

साहेब बाजूलाच होते. म्हणाले, ‘मैडम, ये आदमी हर बात में बहस करता है.’

मॅडमनी दोन्ही पत्रं वाचली. साहेबांकडे बघितलं नाही. फाइल दाखवा, असा आदेश लिहिला. मी जिंकलो. येताना पेढे घेतले.

फाइल मी ठाण्यातल्या बाकावर बसून वाचली. शवविच्छेदनाच्या कागदात दारूचा शब्द नव्हता. मग एक जबाब आला. ‘मृतक शराब पीने का आदी था. घटना के दिन भी पीकर गया था. मुझे किसी पर शक नहीं है.’ जबाब मृताच्या मोठ्या भावाचा. खाली सही.

माझी.

तेव्हा आठवलं. शवागाराबाहेर हवालदाराने कागद पुढे केला होता. कोरा. ‘जल्दी करो दादा, बॉडी लेनी है कि नहीं?’ आत गजू होता. कसा होता ते मी बघितलं होतं. मी, जो तागा पूर्ण उलगडल्याशिवाय वारभर कापड घेत नाही, त्या कोऱ्या कागदावर सही करून मोकळा झालो.

फाइलीच्या पहिल्या पानावर यादी होती. सोबतच्या कामगारांचे जबाब, पान अठरा आणि एकोणीस. मी पानं उलटली. सतरानंतर वीस होतं.

‘ये दो पन्ने?’

‘जो है, यही है,’ शिपाई म्हणाला. या वेळी त्याने गाऊन म्हटलं नाही.

घरी भावजयीला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर चाललं असतं, तिला कागदावरची सरकारी हिंदी कळत नाही. पण सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

‘भाऊजी, शाळेत पोरीला चिडवते लोकं, तुझा बाप बेवडा होता म्हणून. मी भांडून येत होती. आता काय सांगू? तिच्या मोठ्या बाबानंच लिहून दिलं?’

मी कपाटातून सगळे कागद काढून पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन शपथपत्र केलं. कोऱ्या कागदावर सही केली हा गुन्हा माझा, तो पहिल्या ओळीत लिहिला. वकील म्हणाले, हे लिहू नका, तुमच्यावरच उलटेल. उलटू दे. त्या सहीआड लपून ते माझ्या भावाला दारुडा म्हणतात, तर ती सही आधी मीच चव्हाट्यावर आणीन. आता हळू आवाजात मागणार नाही. कमीजास्त करणार नाही.

माझ्या सहीच्या वर तो जबाब ज्याने लिहिला त्याने समोर यावं. अठरा आणि एकोणीस ही पानं ज्याने काढली त्यानेही यावं. माझ्या दुकानात नको. गजूच्या घरी या. त्याच्या बायकोसमोर, त्याच्या पोरीसमोर उभे राहा, आणि तो खोटा जबाब, ती काढलेली दोन पानं, सगळं मोठ्याने वाचून दाखवा.