येते, काकू
पद्मजाकाकूंचे उद्योग दोन. आठवडाभर टेक्सासमधल्या अर्विंगच्या फार्मसीत औषधं द्यायची आणि रविवारी घरच्या गराजमध्ये पोरांना मराठी शिकवायचं. इथली पोरं इंग्रजीत वाढलेली, त्यांना 'तो' काय नि 'ती' काय, सगळं सारखंच. पण कुणी 'पुस्तक आली' म्हणालं की काकूंच्या कपाळाला आठी पडलीच. चूक खपवून घेणं बाईंच्या रक्तातच नाही.

२००६चा उन्हाळा. लंच उरकून काकू काउंटरवर आल्या, तर चारुदत्त एका मुलीसमोर हाताची घडी घालून उभा. हा नागपूरचा नवा फार्मासिस्ट, कामाला वाघ. मुलीनं हॉर्मोनच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन दिलं होतं आणि त्यावर नाव होतं मुलाचं.

"मॅडम, हे माझ्या मनाला पटत नाही," तो काकूंकडे वळून मराठीत म्हणाला. "आणि मन मानत नसेल तर नाही म्हणता येतं, दुकानाचा नियमच आहे." असल्या नकारांना कायद्यानं संरक्षण द्यावं का, यावरून तेव्हा देशभर रण माजलं होतं.

"मन मलापण आहे, दादा," मुलगी म्हणाली. तीही मराठीत.

चारुदत्तचा चेहरा खर्रकन उतरला. काकूंनी मात्र चमकून तिच्याकडे पाहिलं. हा आवाज त्यांच्या गराजमधला होता.

"आधीच्या दुकानातही नाही म्हणाले," ती सांगत होती. "गोळ्या संपल्यात, आणि आज मला ऑस्टिनला कॉलेजला परत जायचंय."

"नियम अर्धाच वाचलास, बाबा," काकू चारुदत्तला म्हणाल्या. "तू बाजूला होऊ शकतोस, पण काम दुसऱ्याकडे द्यायचं. तुझं मन तुझ्यापाशी ठेव, कागद इकडे दे."

त्यानं मुकाट्यानं दिला. काकूंना इतकं स्फुरण कित्येक वर्षांत चढलं नव्हतं. बाटली भरताना हात नुसते नाचत होते. "तुम्ही बसा, आत्ता देते," त्या वळून म्हणाल्या.

"काकू, मला तुम्ही?"

चोरी पकडली गेली. 'बस' म्हटलं की पुढं 'रे' किंवा 'गं' यायचंच, म्हणून व्याकरणाच्या बाई अहो-जाहोच्या आड लपल्या होत्या.

"आता नाव काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऋता."

काकूंनी बाटली तिच्या हातात दिली. ती दारापर्यंत गेली आणि सवयीनं वळून म्हणाली, "येते, काकू."

काकू जागच्या जागी थांबल्या. दर रविवारी गराजमधून निघताना हे पोर असंच 'येते' म्हणायचं. आणि दर रविवारी त्या त्याला दारातून परत बोलवायच्या, 'येतो म्हण' म्हणून दटावायच्या, आणि म्हटल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

गिऱ्हाइकं खोळंबली होती. तरी काकू काउंटर सोडून दाराशी गेल्या.

"तेव्हाही बरोबरच बोलत होतीस," त्या म्हणाल्या. "ये गं."