ओ न दिलेली हाक

आमच्या गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे काटकोनच म्हणतात. तो फ्रेमा बनवतो, आणि फ्रेमचा कोपरा एका केसाने जरी उघडा राहिला तरी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. मोडून पुन्हा करतो. त्याच्या दुकानात भिंतीवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या असतात, कोपऱ्यात काचा कागदात गुंडाळून उभ्या केलेल्या असतात आणि टेबलावर कायम भुसा पडलेला असतो. पदव्या, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळं त्याच्याकडेच येतं. माझं दिव्यांचं दुकान त्याला लागून आहे. मध्ये एकच भिंत, तीही पातळ, त्यामुळे त्याच्या हातोडीचे ठोके आणि त्याच्या तोंडाचा पट्टा, दोन्ही मला बसल्याजागी ऐकू यायचे.

तोंड फार वाईट होतं त्याचं. गिऱ्हाइकाने "जरा लवकर होईल का?" एवढं विचारलं की हा उसळलाच. "घाई असेल तर चिकटपट्टीने लावा भिंतीला!" वर घरात गेला की आईवर तसाच. काकूंना डोळ्यांनी दिसत नाही, उजेड आणि सावली एवढंच कळतं, म्हणून त्या एकच गोष्ट दोनदा विचारायच्या. दुसऱ्यांदा विचारलं की तो असा ओरडायचा की खाली मी गिऱ्हाइकासमोर उगीच बल्बचा खोका उघडत बसायचो. मग थोड्या वेळाने स्वारी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसायची. "आज पुन्हा ओरडलो रे आईवर." मी म्हणायचो, "मला ऐकू आलं. बहुतेक सगळ्या गल्लीला आलं." तो मान खाली घालून बसायचा. वाईट माणूस नाही तो. वाईट माणसाला इतकी लाज वाटत नाही.

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत एक वर्ग भरतो. तिथल्या बाई पूर्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर वेदान्त शिकवायला लागल्या. मीच काटकोनाला तिथे नेलं. मी स्वतः जातो तो पंख्याखाली बसायला, हे बाईंनाही माहीत आहे. पण याचं तसं झालं नाही. सगळ्यांच्या ठायी एकच आत्मा आहे, शरीर आणि मन करतात ते पाहणारा साक्षी आपण आहोत, असं बाई सांगायच्या तेव्हा आम्ही माना डोलवायचो आणि खाली उतरल्यावर स्कूटरच्या पार्किंगवरून भांडायचो. काटकोन मात्र ते सगळं घरी घेऊन जायचा. वाणीचंही तप असतं, हे त्याने बाईंकडून ऐकलं आणि त्या दिवशी तो जिना उतरताना कोणाशी एक अक्षर बोलला नाही.

आठवड्यातून एक दिवस मौन पाळायचं त्याने ठरवलं. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून सोमवार. बाई एवढंच म्हणाल्या, "पाळा, पण गाजावाजा नको. लोकांना सांगत फिरलात की त्यातून अहंकारच वाढतो." दुसऱ्या कोणाला हे ऐकून घरच्यांना सांगायला हरकत नाही हे कळलं असतं. हा पडला काटकोन. त्याने फक्त बायकोला सांगितलं, कारण तिच्यापासून लपणं शक्यच नव्हतं. आईला नाही. काकू समजत राहिल्या की सोमवारी तो पट्ट्या आणि काचा आणायला बाहेर जातो. वहिनी घरीच शिवणकाम करतात, त्या काकूंच्या हाकेला ओ द्यायच्या आणि हा पुढच्या खोलीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. बरेच महिने हे सुरळीत चाललं. खरं सांगायचं तर त्याचा गुणही आला. ओरडणं कमी झालं, गिऱ्हाइकं टिकायला लागली. मी त्याची थट्टा करायचो, पण मनातून मला कौतुक होतं.

मग तो सोमवार आला. पुढचं मला त्यानेच सांगितलं, फार नंतर, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे न बघता.

वहिनींना शिवलेले कपडे पोचवायला जायचं होतं. जाताना त्या म्हणाल्या, "आई झोपल्या आहेत. तुम्ही आहात ना, लक्ष ठेवा." त्याने मान हलवली. तो पुढच्या खोलीत खुर्चीवर डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं, आहेस का?" तो गप्प. पुन्हा, "अगं, मला जरा न्हाणीत जायचंय." त्याने खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक केलं. आपण ओ दिली, असं त्याने स्वतःला पटवलं. आतून विचारलं, "कोण आहे? तू आहेस का रे?"

उठून जायला काय हरकत होती? हा प्रश्न मीही त्याला विचारला, जरा चढ्या आवाजातच विचारला. जाऊन नुसता हात धरायचा, बोलायचं नाही! तो म्हणाला, "तिने विचारलं असतं कोण, आणि मला बोलावं लागलं असतं. एकदाही मोडलं नव्हतं मी मौन. एकदाही नाही." मग म्हणाला, "आणि तुला खरं सांगू? मला त्या क्षणी छान वाटत होतं. आई हाक मारतेय आणि मी नुसता पाहतोय, साक्षी झालोय, असं वाटत होतं. वाटलं, बाई म्हणतात ते हेच."

काकू स्वतःच उठल्या. भिंत धरत निघाल्या आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

इथपर्यंत त्याने सांगितलं तेव्हा मला त्याचा रागही आला होता आणि कीवही. पण त्याची खरी शरम पुढेच होती. काकू पडल्याचा आवाज झाला तसा तो उठला, आणि आतल्या खोलीकडे नाही गेला. आधी बाहेरच्या दाराकडे गेला. कडी काढली, दार उघडलं, धाडकन लावलं आणि चपला वाजवत आत धावला. "आई! काय झालं? आत्ताच आलो बघ बाहेरून!"

सबंध दिवसात त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य, आणि ते खोटं. ज्या जिभेसाठी एवढं तप केलं तिने तोंड उघडल्या उघडल्या हे केलं. "मी विचारसुद्धा केला नाही रे," तो म्हणाला. "पाय आपोआप दाराकडे गेले. आई तिकडे कण्हत होती आणि मी कडी काढत होतो."

त्यानंतर ते खोटं त्याला गिळता येईना आणि थुंकताही येईना. हॉस्पिटलात काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "घरात कोणी नव्हतं. हा वेळेवर आला म्हणून निभावलं." लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. थोरली बहीण परगावाहून आली आणि सगळं खापर वहिनींच्या डोक्यावर फुटलं. "आंधळ्या म्हातारीला एकटीला टाकून कपडे वाटत फिरत होतीस? चार तास उशीर झाला असता तर आईच्या जिवावर बेतलं असतं!" वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर एकदाच विचारलं, "अहो, तुम्ही घरात होतात ना?" तो म्हणाला, "खाली सरस आणायला गेलो होतो. पाचच मिनिटं." वहिनी "बरं" म्हणाल्या. पुढे ताईंनी कितीही बोलून घेतलं तरी त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. तो तिथेच बसून चहा पीत होता. तो चहा घशाखाली कसा उतरला, हे त्याचं त्यालाच माहीत.

फ्रेमांचे कोपरे उघडे राहायला लागले. एका गिऱ्हाइकाने परत आणलेली फ्रेम मी स्वतः पाहिली, कोपऱ्यातून नख आत जात होतं. मी चेष्टेत म्हणालो, "काय रे, काटकोन, आता तुला दुसरं नाव शोधायचं का?" त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला सगळं सांगितलं.

मी काही संत नाही. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "मला सांगून काय उपयोग? मी तुझी आई आहे की बायको? दोघी वर आहेत, जिना चढ आणि सांग." तो म्हणाला, "तोंड उघडत नाही रे. गिऱ्हाइकावर ओरडायला उघडायचं, यालाच उघडत नाही."

त्या आठवड्यात वर्गात त्याने बाईंना विचारलं, "मौनात असताना कोणी हाक मारली तर काय करायचं?" बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्या हसल्या. "अहो, हाक मारणाऱ्याच्या आतही तोच आहे, हे तर आपण इतके दिवस वाचतोय. देवाने हाक मारली आणि तुम्ही म्हणालात, थांब, मी तुझंच व्रत करतोय, तर त्याने काय करावं?" सगळे हसले. काटकोनही हसला. मी शेजारीच बसलो होतो. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि तो पुसत राहिला, वर्ग सुटेपर्यंत.

खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, "चल वर माझ्याबरोबर. एकट्याने गेलो तर जिन्यातून परत येईन." मी काकूंच्या खोलीतला दिवा बदलायचं निमित्त केलं आणि त्याच्या मागे गेलो.

काकू पलंगावर पाय सरळ करून पडल्या होत्या. ताई खुर्चीवर भाजी निवडत होत्या, वहिनी उशीचा अभ्रा बदलत होत्या. काटकोन पलंगाशी जाऊन उभा राहिला. दुकानात ओरडणारा माणूस, पण आवाज कसा निघाला म्हणाल तर शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

"आई, त्या दिवशी मी घरात होतो. तू हाका मारल्यास त्या मला ऐकू येत होत्या. माझं मौन होतं, म्हणून मी ओ दिली नाही. बाहेरून आलो म्हणालो ते खोटं होतं. हिची काही चूक नाही. ही मला सांगून गेली होती."

ताईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. वहिनींनी अभ्रा छातीशी धरला. मी दिवा बदलायला लावलेल्या शिडीवर उभा होतो, मला खालीही उतरता येईना.

काकू म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तू घरात होतास ते. डोळे गेलेत, कान नाहीत गेले. खुर्चीत कोण कसं बसतं ते मला कळतं. आणि कडी आतून काढलीस ना तू?"

"मग सगळ्यांना घरात कोणी नव्हतं असं का सांगत राहिलीस?"

"लोक तुला बोलले असते." काकूंनी चादरीची कड चाचपून सरळ केली. "ताई तुझ्यावर चिडेल म्हणून तिलाही खरं सांगितलं नाही, तेवढं मात्र माझं चुकलं. सूनबाईने उगीच ऐकून घेतलं."

तो खाली बसला. त्याने आईच्या पायाशी डोकं टेकवलं, मोडलेल्या बाजूला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या पायाशी. मला वाटलं, संपलं, आता रडेल आणि मोकळा होईल. पण काकूंच्या मनापर्यंत मौन वगैरे काही पोचलंच नव्हतं. त्यांनी हात पुढे करून त्याचं डोकं शोधलं आणि इतक्या दिवसांपासून आत ठेवलेलं विचारलं.

"तू एवढा कशावरून रागावला होतास रे? मी खूप आठवून पाहिलं. आदल्या दिवशी मी तुला औषधाचं दोनदा विचारलं होतं, त्याच्यावरून का?"

"नाही आई, राग नव्हता. तुझं काही नाही चुकलं."

"असू दे, असू दे. माझंच जरा जास्त होतं, सारखं आपलं हे दे आणि ते दे. आता बघ, मी हाक मारतच नाही कोणाला. आपणहून कोणी आलं तर सांगते, नाही तर पडून राहते."

त्यांनी सुनेकडे तोंड वळवलं, खात्री करून घ्यायला. "हो की नाही गं? मारते का मी हाक?"

हल्ली आई काही मागत नाहीत, म्हणजे दुखणं कमी झालं, असं वहिनी कालच मला सांगत होत्या. आता त्या पलंगाजवळ आल्या आणि त्यांनी चादरीखाली हात घातला. गादी ओली होती, आणि गार. काकू केव्हापासून तशा पडून होत्या कोण जाणे. काटकोनाने ते पाहिलं. तो उठला आणि कपाटातून धुतलेली चादर काढायला गेला.