पाच पट्ट्यांची जाळी

डॉनकास्टरच्या कारखान्यात एकतीस वर्षं रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त केलेल्या हॅडनने त्यातल्याच एका इंजिनाचं नवं छोटं मॉडेल हातात घेतलं आणि त्याचं डोकंच फिरलं. डाव्या जाळीला सहा पट्ट्या! या जातीच्या बाकी सगळ्या इंजिनांना सहाच असतात, पण या एका खऱ्या इंजिनाला पाच होत्या. अपघातानंतर तशी जाळी मिळेना, म्हणून हॅडननेच पाच पट्ट्या बसवून ते रुळावर आणलं होतं. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला त्याने आकृती काढून कळवलंही होतं.

शनिवारी मॉडेल क्लबात त्याने सिरिलला गाठलं. सिरिल त्याचा कारखान्यातला जोडीदार, आता त्याच कंपनीचा सल्लागार.

“एका इंजिनासाठी वेगळा साचा कोण करणार?” सिरिल म्हणाला. “मी कंपनीला सांगितलं, म्हातारा विसरभोळा झालाय, मनावर घेऊ नका.”

“विसरभोळा? मी?”

“अरे, एका पट्टीवरून कसला चिडतोस! बिस्किट घे.”

हॅडनने मॉडेल खोक्यात ठेवलं. झाकणावर आभार मानले होते ते सिरिलचे.

“मी त्या पट्ट्या बसवत होतो, तेव्हा दुसरं टोक कोणी धरलं होतं रे?”

सिरिल चहा ढवळत राहिला. साखर तर त्याने कधीच सोडली होती.